पायाशी काय फुललंय?

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. नवं काही तिथे शिवत नाहीत. लांब झालेली विजार आखूड करायची, पोट सुटलं की कोट सैल करायचा, बिघडलेली चेन बदलायची, अशी कामं. दुकान चालवणाऱ्या बाईंना सगळी गल्ली टाचणीबाई म्हणते. एक तर त्या अंगाने काडीसारख्या, आणि दुसरं म्हणजे ओठांत कायम टाचण्या धरलेल्या. तोंडात टाचण्या असल्या की बोलता येत नाही. त्यामुळे गिऱ्हाइकाचं सगळं म्हणणं त्या मान डोलावून ऐकून घेतात आणि शेवटी स्वतःला पटेल तेच करतात.

हे नाव त्यांना त्यांच्या नणंदेने दिलं. नणंदबाई वयाने मोठ्या, शाळेत कवायतीच्या शिक्षिका होत्या, लग्न केलं नाही. निवृत्त झाल्या तरी आवाज मैदानावरचाच राहिला. त्या जिन्यात बोलल्या की तिसऱ्या मजल्यावर आम्हाला सगळं कळतं. टाचणीबाईंचे यजमान गेले तेव्हा त्या एक बॅग घेऊन आल्या. म्हणाल्या, "चार दिवस राहते." चार दिवसांचं वर्ष झालं आणि वर्षाचं दीड वर्ष. पण परगावची भाड्याची खोली काही त्यांनी सोडली नाही, आणि ती बॅगही कधी पूर्ण रिकामी केली नाही. रोज केर काढताना टाचणीबाईंच्या कुंच्याला पलंगाखाली ती बॅग लागायची. "ताई, तुम्ही राहणार आहात की जाणार?" एवढा एक प्रश्न विचारायचा होता. विचारला आणि उत्तर 'जाणार' असं आलं तर? म्हणून त्या कुंचा बॅगेच्या कडेने फिरवायच्या आणि पुढे जायच्या.

त्या दोघींची रानातली भटकंती सुरू झाली ती मानेपायी. दिवसभर मशीनवर वाकून टाचणीबाईंची मान आखडली. डॉक्टरांनी सांगितलं, चाला आणि लांबचं बघा. नणंदबाईंना तेवढं पुरे होतं. दर रविवारी सकाळी दोघी पाठीला पिशव्या लावून शेवटच्या थांब्यापर्यंत बसने जायच्या. आमच्या गावाभोवती राखीव रानं आहेत. एक डोंगराचं, एक तळ्याकाठचं, एक दरीतलं. फाटकाशी रंग उडालेला नकाशा, 'फुले तोडू नयेत' अशी पाटी, आणि आत पायवाटा.

नणंदबाईंचं चालणं म्हणजे संचलन. माथ्याला जायचं, घाम पुसायचा, खाली यायचं. टाचणीबाईंना लांबचं बघायला सांगितलं होतं, पण आयुष्यभर सुईच्या नेढ्यात बघितलेले डोळे ते. ते जवळचंच बघायचे. पहिल्याच रविवारी एका खडकाच्या फटीत बोटाच्या पेराएवढं फूल दिसलं आणि त्या थांबल्या.

"काय झालं? दम लागला?"

"नाही ताई. या रंगाचं रीळ माझ्याकडे नाही."

"म्हणजे?"

"दुकानात इतकी रिळं आहेत. निळ्याच्या किती तरी छटा आहेत. ही नाही."

नणंदबाईंनी आकाशाकडे बघितलं. पण टाचणीबाई यजमान गेल्यापासून पहिल्यांदा एवढं लांब वाक्य बोलल्या होत्या, हे त्यांच्या लक्षात आलं असणार, कारण त्या मुकाट्याने उभ्या राहिल्या.

मग दर रविवारी हेच. एक पुढे तरातरा, दुसरी मागे गुडघ्यांवर. फुलांची खरी नावं दोघींनाही ठाऊक नव्हती. एकदा गळ्यात कॅमेरा अडकवलेल्या एका गृहस्थांनी एका फुलाचं मोठं लांबलचक नाव सांगितलं. टाचणीबाईंनी आदराने मान डोलावली, पण ते नाव फाटकापर्यंतही टिकलं नाही. शेवटी त्यांनी आपलीच नावं ठेवली. खडकावरून सरपटत जाणारी एक वेल होती, तिला सारख्या अंतरावर इवली पांढरी फुलं यायची. ती झाली धावदोरा. पाकळ्यांच्या कडा फाटल्यासारख्या दिसणारी जांभळी, ती उसवलेली. पिवळं, चपटं, मधोमध बारीक ठिपके असलेलं, ते बटण. आणि एक होतं ते बाहेरून धुऊन धुऊन विटलेल्या चादरीसारखं. वाकून आत बघितलं तरच कळायचं, पोटात गर्द तांबडं आहे. त्याचं नाव अस्तर. "चांगल्या कोटाचं अस्तर असंच असतं," टाचणीबाई म्हणायच्या. "घालणाऱ्यालाच ठाऊक."

"आली का तुझी शिवणकामाची मंडळी?" पुढच्या वळणावर कमरेला हात लावून नणंदबाई ओरडायच्या. "टाचणे, आपण चालायला आलोय की जमीन हुंगायला?"

"आले, आले."

"त्या धावपट्टीपाशी मागच्या रविवारी अर्धा तास घालवलास."

"धावदोरा, ताई."

"तेच ते."

आपल्यापायी नणंदबाईंचा रविवार वाया जातो, असं टाचणीबाईंना मनापासून वाटायचं. त्या भराभर उठायच्या, गुडघे झटकायच्या. आणि वाटायचं की एक दिवस ही बाई कंटाळेल, बॅग उचलेल आणि जाईल.

आता त्या रविवारची गोष्ट. ही मी दोघींकडून वेगवेगळी ऐकली आहे, आणि नणंदबाईंच्या सांगण्यात डोंगराचा कडा जरा जास्त उंच असतो.

फुलांचा हंगाम संपत आला होता. त्या रविवारी दुकानात गुरांचे डॉक्टर आले होते. पन्नाशीचे, अंगाने भरलेले, स्वभावाने हसरे. पहिली पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि दुसऱ्या दिवशी त्यांचं लग्न होतं. हातात कोट होता.

"हा कोट पहिल्या लग्नातला," ते जरा लाजून म्हणाले. "कोट तोच आहे, मी वाढलोय."

"दुसऱ्या लग्नाला पहिल्याचा कोट?" पायात बूट चढवता चढवता नणंदबाईंनी विचारलंच.

"नवरीनेच सांगितलंय, नवा घेऊ नका म्हणून."

"मग बाई चांगली आहे," नणंदबाईंनी निकाल दिला, आणि भावजयीकडे वळल्या. "चल गं. बस जाईल."

टाचणीबाईंनी कोटाकडे बोट दाखवलं. पाठीची शिवण उसवायची होती, दोन्ही बाजूंनी पट्टी घालायची होती, बाह्या काढून पुन्हा लावायच्या होत्या. दिवसभराचं काम.

"रविवार म्हणजे रविवार," नणंदबाई म्हणाल्या. "आजारी पडलीस तर हे बैलांचे डॉक्टर येणारेत का बघायला?"

"येईन की," डॉक्टर म्हणाले.

"तू नसलीस म्हणून माझं काही अडत नाही. मी एकटी जाते. निदान आज माथ्यापर्यंत न थांबता पोचेन."

टाचणीबाईंच्या ओठांत टाचण्या होत्या. त्यांतूनच त्या म्हणाल्या, "जा."

एवढंच. त्यात राग नव्हता, पण ऐकणाऱ्याला तो वाटला असता. नणंदबाई गेल्या, दुकानाच्या दाराची काच थरथरली.

दुपार कलल्यावर डॉक्टर कोट घालून बघायला परत आले. पांढऱ्या दोऱ्याचे कच्चे टाके सगळीकडे, खडूच्या खुणा, आणि उजवी बाही तर अजून नुसती टाचलेली. तेवढ्यात टाचणीबाईंचा फोन वाजला.

"टाचणे, ऐक." आवाज नेहमीसारखाच मोठा होता, पण त्यात काही तरी सैल झालं होतं. "मी पडलेय. पाय मुरगळलाय की मोडलाय कळत नाही. उभं राहवत नाही. आणि वाट चुकलेय. फोनची बॅटरी संपत आलीय, त्यावरचा नकाशाही उघडत नाही."

टाचणीबाईंनी ओठांतल्या टाचण्या हातावर काढल्या. "ताई, कुठे आहात?"

"ते ठाऊक असतं तर चुकले कशी म्हटलं असतं?"

"आजूबाजूला काय दिसतंय?"

"धुकं."

"आणि?"

"धुक्याच्या आत धुकं. झाडं आहेत, सगळी सारखीच. माथ्यावरून उतरताना ढग आला, मी वाट सोडून कुठे तरी वळले, मग घसरले."

"पायाशी काय आहे?"

"माझा पाय."

"ताई, पायाशी काय फुललंय?"

टाचणीबाईंना वाटलं, आता ओरडणार, की अशा वेळीसुद्धा तुला फुलं सुचतात. पण नणंदबाई शाळेतल्या मुलीने धडा म्हणावा तशा सांगू लागल्या.

"धावदोरा आहे. माझ्या डाव्या हाताच्या खडकावरून खाली गेलाय. ओला आहे खडक. बटण कुठेच नाही. उसवलेली... एक होती, सुकलीय. आणि अस्तर आहे. पुष्कळ आहेत."

टाचणीबाई खुर्चीवर बसल्या. एकही नाव चुकलं नव्हतं.

"अस्तर उघडं आहे की मिटलंय?"

"थांब, वाकते... आई गं... उघडं आहे. आत लाल दिसतंय."

"नक्की?"

"अगं, मी बघतेय ना! ऐक, आज सकाळी मी जे..."

फोन बंद पडला.

टाचणीबाई नंतर सांगायच्या की त्या वेळी त्यांना भीती वाटायला सवडच झाली नाही. डोकं कापड बेतताना चालतं तसं चालत होतं. धावदोरा डोंगरावर दोन ठिकाणी होता. एक माथ्याच्या वाटेवर, उन्हाच्या अंगाला. तिथली अस्तरं गेल्या रविवारीच गळून गेली होती आणि बटणांचा नुसता सडा होता. दुसरा धावदोरा मागच्या अंगाला, जुन्या दगडाच्या खाणीखाली. तिथे ऊन येत नाही, सगळं उशिरा फुलतं, आणि बटण औषधालाही सापडत नाही. त्या दोघी तिथे एकदाच, चुकून उतरल्या होत्या.

"डॉक्टर, तुमच्याकडे गाडी आहे?"

"आहे. कोट काढू?"

"नको. बाही निघून येईल. तसेच चला."

डोंगराच्या फाटकाशी वनरक्षकाची केबिन आहे. वनरक्षकाने ऐकून घेतलं आणि लगेच दोर न् विजेरी काढली. म्हणाला, "माथ्याच्या वाटेने शोधत जाऊ. चुकलेली माणसं तिकडेच सापडतात."

"त्या माथ्याकडे नाहीत. मागच्या अंगाला आहेत, खाणीच्या खाली."

"कशावरून?"

"तिथे धावदोरा आहे. आणि अस्तर अजून उघडं आहे."

वनरक्षकाने डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टर पांढऱ्या टाक्यांनी भरलेल्या कोटात, एका हाताने दुसरी बाही धरून उभे होते.

"बाई म्हणतात तसं करा," ते म्हणाले. "उद्या माझं लग्न आहे."

या दोन वाक्यांचा एकमेकांशी काय संबंध, हे वनरक्षकाला कळलं नसेल, पण त्याने वाद घातला नाही. "खाणीकडची वाट बंद केलीय," एवढंच तो म्हणाला. "तुम्ही तिकडे गेला होता कशा?"

"चुकून गेलो होतो. रागवा, पण नंतर."

तिघं निघाले. धुकं इतकं दाट होतं की पुढच्याची फक्त पाठ दिसायची. बंद केलेली वाट झुडपांनी बुजली होती. टाचणीबाई जमिनीकडे बघत चालत होत्या, आणि आता त्यांना घाई करा म्हणणारं कुणी नव्हतं. तीच शांतता त्यांच्या अंगावर आली. सकाळी आपण 'जा' म्हणालो. दुसरा कुठलाही शब्द चालला असता. 'जपून' म्हणता आलं असतं, 'लवकर या' म्हणता आलं असतं. टाचण्या काढून ठेवायला कितीसा वेळ लागतो?

मग एका दगडाच्या कडेला पांढरे ठिपके दिसले, एक, पुढे आणखी एक. धावदोरा सुरू झाला होता.

"ताई!" टाचणीबाईंनी हाक मारली. त्यांचा आवाज आमच्या गल्लीत कुणी कधी एवढा चढलेला ऐकला नसेल. "ताई!"

"इकडे!" धुक्यातून उत्तर आलं. "आणि पाय जपून टाक, निसरडं आहे! मागे कोण आहेत? एकामागे एक या, घोळका करू नका!"

टाचणीबाईंना हसू आलं. उरलेलं थोडंसं अंतर त्यांनी बसून, घसरतच पार केलं. नणंदबाई खडकाला टेकून बसल्या होत्या, केसांत पानं, गालावर ओरखडा, एक बूट बाजूला काढून ठेवलेला. टाचणीबाई शेजारच्या ओल्या मातीत बसल्या आणि त्यांनी त्यांचा हात धरला. दोघींनाही असल्या गोष्टींची सवय नव्हती. पण हात कुणी सोडवला नाही.

"थंडी वाजतेय का?"

"वाजत होती. आता नाही."

डॉक्टर गुडघ्यांवर बसून पाऊल हळूच फिरवून बघू लागले.

"तुम्हाला माणसांचं कळतं का?" नणंदबाईंनी विचारलं.

"घोड्याचं कळतं. तुम्ही लाथ मारली नाहीत, म्हणजे मोडलेला नसावा."

वनरक्षकसुद्धा हसला. त्याने आणि डॉक्टरांनी मिळून नणंदबाईंना दोन्हीकडून खांदा दिला. त्या गडबडीत टाचलेली बाही पार निघून आली. ती गळ्यात गुंडाळून टाचणीबाई सगळ्यांच्या पुढे, वाट दाखवत चालू लागल्या. मधेच थांबल्या, वळून बघितलं, पुन्हा निघाल्या. फाटकाशी वनरक्षकाने ठरल्याप्रमाणे रागावून घेतलं. दोघींनी माना खाली घालून ऐकलं. मग त्याने सगळ्यांना गरम चहा दिला.

दवाखान्यात पायाचा फोटो काढला. हाड शाबूत होतं. नस ताणली होती, पट्टा बांधा, पाय वर ठेवा, महिनाभर डोंगर नाही. एवढंच. तिथल्या बाकावर टाचणीबाईंनी हे ऐकलं आणि डोळे पुसले.

"रडतेस कशाला? मोडला नाही म्हणतायत."

"म्हणूनच."

तिथून सगळे थेट दुकानात, कारण लग्न काही पुढे जाणार नव्हतं. नणंदबाईंचा पाय गिऱ्हाइकाच्या स्टुलावर ठेवला. कोटाच्या खालच्या घेराला रानातली कुसळं चिकटली होती. ती त्या एकेक करून वेचत बसल्या. डॉक्टर एका बाहीच्या कोटात आरशासमोर उभे, दुसरी बाही मशीनवर. मशीन सुरू झालं, आणि मशीनच्या आवाजात बोलणं सोपं जातं म्हणून असेल, टाचणीबाईंनी विचारलं.

"नावं कशी लक्षात राहिली तुमच्या? तुम्ही तर ऐकतही नव्हता."

"शाळेत नव्या वर्गाची नावं मी आठवड्याभरात पाठ करायचे," नणंदबाई कुसळाकडे बघत म्हणाल्या. "मुलांना नावाने हाक मारली की ती नीट धावतात. तुझी ही मंडळीही तशीच पाठ झाली. तू प्रत्येकीशी बोलायचीस. माझ्याशी मात्र..." त्यांनी आणखी एक कुसळ उपटलं. "मला वाटायचं, भावाची बहीण म्हणून ठेवून घेतलंयस. तोंडदेखलं. म्हणून मी पुढे पुढे चालायचे. मागे राहिले तर तुला माझी अडचण व्हायची."

मशीन थांबलं. डॉक्टर आरशातून छताकडे बघू लागले.

"मला वाटायचं तुम्ही कंटाळून जाल," टाचणीबाई म्हणाल्या. "रोज केर काढताना बॅग बघायचे."

"बॅगेत नुसते हिवाळ्याचे कपडे आहेत, गं. कपाटात जागा कुठे आहे? माझं तिकडचं कपाट आणू का, हे मी केव्हापासून विचारणार होते. आज सकाळी रानात ठरवलं, की परत आल्यावर विचारायचंच. फोनवर तेच सांगत होते, तर मेला बंद पडला."

"आणा."

"मोठं आहे हं. सागवानी."

"आणा म्हटलं ना, ताई."

"माझा कोट..." डॉक्टर हळूच म्हणाले.

कोट मध्यरात्रीच्या आत झाला आणि छान बसला. लग्नाला दोघींना बोलावणं होतं. नणंदबाई काठी टेकत गेल्या आणि नवरीला बाजूला घेऊन सगळी हकीगत सांगितली, कडा थोडा उंच करून. नवरी म्हणाली, "म्हणजे या कोटात हे डोंगर चढलेसुद्धा!" तिला त्याचा फार अभिमान वाटलेला दिसला.

कपाट पुढच्या महिन्यात आलं. ते दारातून आत जाईना. हमालांनी आडवं केलं, उभं केलं, तिरकं केलं. जिन्याखाली ते तसंच राहिलं आणि इमारतीतल्या सगळ्यांनी येताजाता कोपर आपटून घेतलं. मीही आपटून घेतलं. शेवटी सुताराने दाराची चौकट सैल केली आणि ते आत गेलं. नणंदबाईंनी भाड्याच्या खोलीची किल्ली पोस्टाने परत पाठवली.

पाय बरा झाल्यावरच्या पहिल्या रविवारी दोघी तळ्याकाठच्या रानात गेल्या, तिकडे फारसा चढ नाही म्हणून. मी त्यांना बसथांब्यावर भेटले. थंडी होती, हंगाम तर केव्हाच संपला होता. मी म्हटलं, "आता काय असणार तिकडे बघायला?"

"काही नसेल," टाचणीबाई म्हणाल्या. "पण जाऊन तर बघू."

"बस आली," नणंदबाई म्हणाल्या. "चढा भराभर."